पहिल्या पाळीची दहा मिनिटं: गोदाममालकांना एका फोर्कलिफ्ट ऑपरेटरचं खुलं पत्र

प्रति,
जळगाव, भुसावळ, धुळे आणि नंदुरबारकडच्या औद्योगिक वसाहतींमधले गोदाममालक, मॅनेजर आणि सुपरवायझर यांस,

नमस्कार.

4 मार्च जवळ आला आहे. 1966 साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा सुरक्षा दिन. गेटवर झेंडा लागेल, शर्टाला बिल्ले लागतील, सगळे रांगेत उभे राहून हात पुढे करतील आणि शपथ होईल. साहेब दोन शब्द बोलतील, मग चहा-कचोरी. तेवढ्यात शटरकडून कोणीतरी ओरडेल, "ओ भाऊ, गाडी लागली ना, चला लवकर!" आणि आमच्यापैकी एकजण बिल्ला लावलेल्या शर्टानिशी फोर्कलिफ्टवर चढून चावी फिरवेल. खाली वाकून न बघता, ब्रेक न दाबता, फोर्कला, म्हणजे माल उचलणाऱ्या पुढच्या लोखंडी दातांना, हात न लावता.

मी 19 वर्षं फोर्कलिफ्ट चालवतो. सुरुवात जिनिंगच्या गोदामात झाली, मग चटईच्या कारखान्यात, मध्ये दोन हंगाम डाळ मिलमध्ये आणि आता पाइपांच्या गोदामात. या सगळ्या ठिकाणी गाड्या वेगळ्या होत्या, माल वेगळा होता, मालकही वेगळे होते. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी होती. पाळी सुरू झाल्यावरची पहिली दहा मिनिटं आमची नसायची. तीच मागायला हे पत्र लिहितोय.

दहा मिनिटांत काय करता, असं मला एका मॅनेजरसाहेबांनी खरंच विचारलं होतं. तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आता देतो.

मला गाडी शिकवणारे काका धरणगावकडचे. त्यांचं एकच वाक्य असायचं, "पहिले देखी ले भो, मंग चावी फिराव." ते सकाळी आल्यावर गाडीकडे बघायचेच नाहीत. आधी बघायचे गाडीखालची फरशी. रात्री जाताना खोक्याचा एक मोठा पुठ्ठा गाडीखाली सरकवून जायचे आणि सकाळी तो ओढून उजेडात धरायचे. पुठ्ठ्यावर पुढच्या बाजूला डाग असेल तर मास्टच्या (फोर्क वर-खाली नेणाऱ्या उभ्या खांबाच्या) किंवा टिल्टच्या (तो खांब पुढे-मागे झुकवणाऱ्या) सिलिंडरचं सील गळतंय, मधोमध काळा डाग असेल तर इंजिन ऑइल, चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर ब्रेकचं ऑइल, आणि मग त्या दिवशी गाडी हलवायचीच नाही. पुठ्ठा फुकटचा असतो. मी आजही तेच करतो, फक्त आमच्याकडे पुठ्ठे भंगारवाल्याला विकतात म्हणून एक लपवून ठेवावा लागतो.

गळती दिसली तरी कुठून गळतंय हे बोटाने चाचपायचं नाही. नवीन पोरं हमखास हीच चूक करतात. हायड्रॉलिकच्या नळीला सुईएवढं भोक पडलं तर त्यातून येणारी धार एवढ्या दाबाची असते की कातडी फोडून तेल आत शिरतं. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत हात सुजून काळानिळा होतो. अशा वेळी मलमपट्टी करून घरी जायचं नसतं, थेट मोठ्या दवाखान्यात जायचं असतं. म्हणून गळती शोधायला पण पुठ्ठाच.

मग फोर्क. फोर्क जिथे काटकोनात वळतो, त्या टाचेपाशी बारीक चीर आहे का ते बघायचं. धूळ असेल तर फडक्याने पुसून बघायचं, कारण चीर धुळीखाली लपते. फोर्क जमिनीला घासत घासत झिजतो. टाचेची जाडी मूळ जाडीपेक्षा 10 टक्क्यांनी कमी झाली की तो फोर्क बदलायचा असतो. 10 टक्के म्हणजे थोडंच वाटतं, पण तेवढ्या झिजेत त्याची ताकद जवळपास 20 टक्क्यांनी उतरते. 40 मिलिमीटरचा फोर्क 36 वर आला की संपला. हे मोजायला व्हर्नियर लागतो, आणि तो स्टोअरमध्ये कुलपात असतो. दोन्ही फोर्कची टोकं एका उंचीला आहेत का हे मात्र खाली बसून नुसत्या नजरेने कळतं.

त्यानंतर चेन. फोर्क थोडा उचलायचा आणि दोन्ही चेन लाकडी दांड्याने दाबून बघायच्या. एक ताठ आणि एक सैल असेल तर सगळं वजन एकीवरच येतंय. चेनमध्ये बोट घालायचं नाही. चेन लांबतेही, आणि 3 टक्क्यांच्या वर लांबली तर बदलायची. मग टायर, चाकाचे नट, हॉर्न, रिव्हर्सचा बझर, सीट बेल्ट, डोक्यावरची जाळी. मग गाडीवर चढून मास्ट एकदा पूर्ण वर, पूर्ण खाली, पुढे, मागे. कुठे करकरतं का, मध्ये अडकतं का. चार हात पुढे जाऊन ब्रेक, रॅम्पवर थांबून हँडब्रेक. झालं.

आपल्याकडच्या काही गोष्टी छापील चेकलिस्टमध्ये नसतात, त्याही सांगतो. जिनिंगमध्ये असताना रोज सकाळी मी सायलेन्सर आणि रेडिएटर बघायचो. रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. ते रेडिएटरच्या जाळीवर थरावर थर बसतात, गोधडीसारखे, आणि दुपारी गाडी उकळते. हे तरी चालेल. पण तेच तंतू सायलेन्सरला चिकटतात. एका सकाळी मी सायलेन्सरवरून मूठभर रुई काढली होती, कडेने तपकिरी झालेली, पापडाच्या कडेसारखी. गाडीच्या मागे 170-170 किलोच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या होत्या. ती मूठ मी सुपरवायझरच्या टेबलावर नेऊन ठेवली. तेव्हा कुठे सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणग्या अडवणारी जाळी, बसला.

बॅटरीच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. धूर नाही, आवाज नाही, म्हणून लोकांना ती खेळण्यासारखी वाटते. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. म्हणून बॅटरीच्या कप्प्याचं झाकण उघडं ठेवायचं आणि चार्जिंगची जागा हवेशीर पाहिजे. बिडी तर नाहीच. मी पाहिलेल्या एका गोदामात चार्जर जिन्याखालच्या कोंदट जागेत होता, कारण तिथे माल रचता येत नव्हता. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालायचं, आधी नाही, नाहीतर ॲसिड फुगून बाहेर येतं. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 वर जातो, तेव्हा पाण्याची पातळी रोज बघावी लागते. थंडीत जी बॅटरी आठवडाभर मागत नाही, ती आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास रोज मागते.

आता वजनाबद्दल, कारण भांडणं तिथेच होतात.

"तीन टनाची गाडी आहे ना, मग पावणेतीन टन का उचलत नाहीस?" हा प्रश्न मी शंभरदा ऐकलाय. साहेब, गाडीवरची पाटी वाचा. 3000 किलोच्या पुढे 500 मिलिमीटर लिहिलेलं असतं. मालाचं वजन फोर्कच्या टाचेपासून अर्ध्या मीटरवर असेल तेव्हा ती तीन टनाची. एक मीटर लांबीच्या पॅलेटचं वजन अर्ध्या मीटरवर येतं, ठीक. पण खोकं 1.6 मीटर लांब असेल तर त्याचा मध्य येतो 0.8 मीटरवर. पुढच्या चाकाच्या मध्यापासून फोर्कच्या टाचेपर्यंत साधारण अर्धा मीटर धरा. म्हणजे आधी तीन टन एक मीटरवर तोलले जात होते, आता तोच तोल 1.3 मीटरवर सांभाळायचा. भागून बघा, 2.3 टन येतात. हा ढोबळ हिशेब झाला. उंची वाढली की त्यातूनही कमी होतं, आणि शेवटचा शब्द पाटीचा. पुढे माल दाबून धरणारा क्लॅम्प बसवला असेल तर आणखी कमी. लहानपणी वर-खाली होणाऱ्या फळीवर (सी-सॉवर) टोकाला बसलेलं बारकं पोरगं मधल्या जाड्याला उचलायचं, तेच हे गणित. आणि बऱ्याच गाड्यांवर ती पाटी रंगाखाली गेलेली असते. गाडी रंगवताना पाटीवर कागद चिकटवायला पेंटरला कोणी सांगत नाही.

मग वजन जास्त झालं, मागची चाकं उचलायला लागली, की आपल्याकडे काय करतात हे तुम्हालाही माहीत आहे. दोन हमाल मागच्या काउंटरवेटवर, म्हणजे तोलासाठी मागे बसवलेल्या लोखंडी वजनावर, उभे करतात. हे मीही केलंय. लाज वाटते, पण केलंय. ज्या चाकांनी गाडी वळते तीच मागची चाकं हवेत, आणि तोल राखायला दोन जिवंत माणसं. गाडी पुढे कलंडली तर ते आधी हवेत उडणार. तसंच फोर्कवर पॅलेट टाकून, त्यावर पोरगं उभं करून ट्यूबलाइट बदलणं. यात मालकांचा दोष नाही असं मी म्हणणार नाही, पण आम्हा ऑपरेटर लोकांचा नाही असंही म्हणणार नाही.

रिकामी गाडी उलटत नाही, हा आणखी एक समज. फोर्कलिफ्टचा मागचा ॲक्सल मधोमध एका खिळीवर डुलतो. चाकं चार दिसली तरी गाडी उभी असते तीन टेकूंवर, पुढची दोन चाकं आणि मागची ती खिळी. तिवईसारखं. रिकामी गाडी जोरात वळवली, वर मास्ट उचललेला असला, तर तोल त्या तिकोनाच्या बाहेर जातो आणि गाडी आडवी होते. गाडी आडवी होताना माणूस उडी मारायला बघतो, आणि नेमका डोक्यावरच्या जाळीखाली येतो. तीन टनाच्या गाडीचं स्वतःचं वजन चार टनांच्या वर असतं. म्हणून सीट बेल्ट लावायचा, उडी मारायची नाही, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि गाडी पडतेय त्याच्या उलट्या बाजूला झुकायचं. हे मला नोकरीच्या अकराव्या वर्षी कळलं. त्याआधीची दहा वर्षं मी बेल्ट सीटखाली खोचून बसायचो, कारण दिवसातून साठदा चढउतार करताना तो टोचतो.

आता जे सांगायला मला जड जातंय ते सांगतो.

एका कारखान्यात, नाव घेत नाही, माझ्या गाडीच्या डाव्या फोर्कची लॉक पिन गेली होती. प्रत्येक फोर्कला वर एक पिन असते, ती कॅरेजच्या (फोर्क टांगलेल्या आडव्या चौकटीच्या) खाचेत बसते, म्हणून फोर्क आडवा सरकत नाही. तिची स्प्रिंग तुटली होती. मी सुपरवायझरला सांगितलं. तोंडी. त्यांनी मेंटेनन्सला सांगितलं, तोंडी. मेंटेनन्सने बांधकामाच्या सळईचा वीतभर तुकडा वाकवून खाचेत ठोकला आणि पिन येईपर्यंत चालव म्हणाले. तीन आठवडे चालवली. एके दिवशी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधीच ट्रक लागलेला होता. ड्रायव्हर बिल्टी हातात घेऊन कटकट करत होता. मी गाडी काढली. पॅलेटवर दाण्याच्या 40 गोण्या, 25 किलोच्या, म्हणजे एक टन. शटरपाशी वळताना खालून टण्ण आवाज आला. सळई फरशीवर पडल्याचा. तो आवाज कशाचा हे मला कळेपर्यंत फोर्क आत सरकला, पॅलेट डावीकडे कलला आणि वरच्या गोण्या सुटल्या. बाजूने चालणारा हेल्पर मागे झाला, पण एक पाय राहिला. पायात चप्पल होती. उजव्या पायाची दोन बोटं गेली.

चौकशीत त्या दिवसाचं तपासणी रजिस्टर मागवलं. सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या. "फोर्क लॉक: ठीक." खाली माझी सही. ती मी त्या सकाळी केलीच नव्हती, सोमवारी एका बैठकीत शनिवारपर्यंतच्या खुणा करून टाकल्या होत्या, एकाच पेनने. सगळेच तसं करायचे. अहवालात "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" असं आलं आणि मला त्यावर बोलायला तोंड नव्हतं. पिनेबद्दल तीन आठवडे आधी सांगितलं होतं हे मी म्हणालो, तर साहेब म्हणाले, "लिहून दिलं होतंस का?"

दिलं नव्हतं. आणि मी ते लिहिलं असतं तर रजिस्टर कोणी वाचलं असतं का, हे मी तेव्हा विचारलं नाही. आज विचारतोय.

कायद्याचं म्हणाल तर 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) 29व्या कलमात उचलणाऱ्या यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून 12 महिन्यांतून एकदा तरी कसून तपासणी सांगितलेली होती, आणि बऱ्याच कंपन्या त्याच धर्तीवर फोर्कलिफ्टचंही सर्टिफिकेट करून घेतात. ते फ्रेममध्ये लावलेलं असतं. ते चुकीचं आहे असं नाही. पण मार्चमध्ये तपासणी झाली आणि पिन जुलैत तुटली, तर त्या फ्रेमचा काय उपयोग? तिथे रोज बघणारा माणूसच लागतो, आणि तो म्हणजे गाडीवर बसणारा.

तर माझं मागणं असं आहे. पाळीची पहिली दहा मिनिटं तपासणीची, आणि ती पगारातली. पाळी सुरू व्हायच्या आधी लवकर येऊन बघ, असं नको. तसं सांगितलं की पहिल्या आठवड्यात सगळे येतात, दुसऱ्यात कोणी नाही. 26 दिवसांचे 260 मिनिटं होतात, महिन्याला सव्वाचार तासांपेक्षा थोडं जास्त. मास्टचं सील फुटलं की गाडी निदान दोन दिवस उभी राहते आणि तुम्ही भाड्याची गाडी शोधत फिरता, तेव्हा हा हिशेब मांडून बघा.

दुसरं, काही बिघडलेलं दिसलं तर चावी काढून घ्यायचा हक्क ऑपरेटरचा असावा. मी चावी काढून "गाडी बंद" अशी पाटी लावली, तर ती पाटी मेंटेनन्सची सही झाल्याशिवाय कोणी काढू नये. मालकांच्या भाच्यानेही नाही. हे शेवटचं मी गमतीने लिहिलेलं नाही. आणि गाडी बंद केली म्हणून त्या दिवशी ऑपरेटरला झाडू मारायला पाठवू नका. एकदा पाठवलंत की तो पुन्हा कधी चावी काढणार नाही.

रजिस्टरला एक रकाना वाढवा: "काय केलं, कोणी केलं, कधी." आणि सुपरवायझरने तो रोज बघून सही करावी. ज्या रजिस्टरमध्ये महिनाभर एकही फुली नाही, ते रजिस्टर गाडीजवळ न जाता भरलेलं आहे, हे माझ्यावर विश्वास ठेवून धरून चाला.

ट्रकचंही एक आहे. डॉकवर (माल चढवायच्या धक्क्यावर) लागलेल्या ट्रकच्या चाकाखाली ठोकळा आणि ड्रायव्हरची चावी सुपरवायझरच्या टेबलावर. माल भरताना फोर्कलिफ्ट अर्धी ट्रकमध्ये आणि ड्रायव्हर ट्रक पुढे घेतोय, हे मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा नुसती ओरडाओरड करून भागलं.

आणि हेल्परला बूट द्या. पुढे लोखंडी टोपी असलेले. उन्हाळ्यात पाय भाजतात म्हणून ते घालत नाहीत, ही तक्रार खरी आहे, मीही ऐकतो. पण मग घामाचा विचार करून बूट निवडा, चप्पल चालवून घेऊ नका.

सुरक्षा दिनाला यंदा भाषणाऐवजी एक करता येईल. शपथ झाली की सगळ्यांना, ऑफिसच्या लोकांनाही, गाडीपाशी आणा. फोर्कलिफ्ट सुरू करायच्या आधी काय काय बघतात हे मी दाखवतो. मला माइक लागत नाही. आदल्या रात्री गाडीखाली सरकवायला फक्त एक मोठा पुठ्ठा लागेल, तेवढा स्टोअरला सांगून भंगारातून बाजूला काढून ठेवा.

आपला,
एक फोर्कलिफ्ट ऑपरेटर
जळगाव